चांदभाई, पैलवान आणि चार नारळ

कासारवाडी स्टेशनाबाहेरच्या बोळात चांदभाई शिकलगारांचं दुकान आहे, असं म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात तिथं जुन्या कॉम्प्युटरांचा एक ढीग आहे आणि त्या ढिगात एक माणूस बसेल एवढी पोकळी आहे. त्या पोकळीत चांदभाई बसतात. गिऱ्हाईक उभंच राहतं. बसायचंच म्हटलं तर एक बंद पडलेला प्रिंटर आहे, पण त्यावर बसण्याआधी चांदभाईंना विचारावं लागतं, कारण तो त्यांच्या मते बंद पडलेला नाही, विश्रांती घेतोय.

चांदभाईंचं वय एकसष्ट. एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर, तिसरा घड्याळजीचा लावतात तसला, शर्टाच्या खिशात. कुठलंही यंत्र उघडण्याआधी ते त्याच्याकडे बघत नाहीत, ते घेऊन येणाऱ्याकडे बघतात आणि जुन्या वैद्यासारखं विचारतात, "शेवटचं बरं कधी होतं?" गिऱ्हाईक सांगतं, अचानक बंद पडला, आम्ही काहीच केलं नाही. चांदभाई मान डोलावतात. पस्तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने काही केलेलं नाही. पिंपरी-चिंचवडमधले सगळे कॉम्प्युटर आपल्या मनाने चहा पितात आणि आपल्या पायांनी जिन्यावरून खाली येतात.

घराणं शिकलगारांचं. आजोबा तलवारींना आणि पुढे विळ्या-कोयत्यांना धार लावायचे. वडील साताऱ्याकडून इकडे आले आणि कारखान्यांच्या कटरना धार लावू लागले. चांदभाईंनी आयटीआय केलं, रेडिओ केले, टीव्ही केले, मग कॉम्प्युटरवर आले. पण घराण्याची शिकवण तीच राहिली: वस्तू बोथट होते, संपत नाही. त्यामुळे दुकानातलं काहीही फेकलं जात नाही. दुकान भरलं तेव्हा माल घरात आला. घर भरत आलं तेव्हा त्यांच्या पत्नी शमीम शांतपणे म्हणाल्या की या घरात जिचा सुटा भाग जपून ठेवलेला नाही अशी मी एकटीच वस्तू आहे. चांदभाईंनी त्यावर विचार केला आणि त्या दिवशी दोन कीबोर्ड परत दुकानात नेले.

मुलगी शिफा इंजिनियर आहे. ती क्लाउडमध्ये काम करते. म्हणजे नेमकं काय करते हे तिने वडिलांना अनेकदा समजावलं. सगळा डेटा वर असतो अब्बा, कुठल्याही डब्यात नसतो. चांदभाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं की वर म्हणजे कुणाच्या डब्यात? शिफाला पगार चांगला आहे, पण या प्रश्नाचं उत्तर तिने अजून दिलेलं नाही.

चांदभाईंचा एक नियम मात्र दुकानापेक्षा मोठा आहे. गिऱ्हाइकाच्या डिस्कवरचं एक अक्षरही पुसायचं नाही, अगदी गिऱ्हाईक पुस म्हणालं तरी. पुसायचं तर तुमच्या हाताने, तुमच्या घरी जाऊन पुसा. हा नियम आला आकुर्डीच्या एका टेलरमुळे. ते फक्त सफारी शिवायचे आणि तीनशे गिऱ्हाइकांची मापं त्यांनी हौसेने कॉम्प्युटरमध्ये घातली होती. चांदभाईंनी तरुणपणाच्या आत्मविश्वासात ती डिस्क फॉरमॅट केली. तोंडावर दिवाळी. तीनशे अधिकाऱ्यांना पुन्हा टेपसमोर उभं राहावं लागलं आणि गेल्या आठ वर्षांत आपल्या कमरेचं काय झालंय हे तीनशे जणांना एकाच आठवड्यात कळलं. चांदभाई पुढे वर्षभर आकुर्डीतून गेले नाहीत. तेव्हापासून पुसणं बंद.

हा नियम आता महाळुंग्याच्या एका माणसाच्या उपयोगी पडला, ती ही हकीकत.

महाळुंग्यात ट्रकच्या स्प्रिंगा बनवणारी एक कंपनी आहे. तिथं स्प्रिंग दाबून बघणारी एक जर्मन मशीन आहे. खाली लोखंडी पाट, त्यावर स्प्रिंग ठेवायची, वरून दट्ट्या येतो, पाटाखालचा काटा वजन मोजतो आणि कॉम्प्युटर त्याचा ग्राफ काढून पास की फेल ते सांगतो. या मशीनने पास केल्याशिवाय स्प्रिंग दाराबाहेर पडत नाही. मशीन पंचवीस वर्षांपूर्वीची. ती जगात फक्त एकाच लॅपटॉपशी बोलते, कारण तिचा प्रोग्रॅम त्या एकाच लॅपटॉपमध्ये आहे आणि तो घालणारा जर्मन इंजिनियर घालून जो गेला तो गेलाच.

हा लॅपटॉप म्हणजे पैलवान. हे नाव कामगारांनी ठेवलं. सैन्यासाठी किंवा तेलविहिरींसाठी बनवतात तसला, धातूच्या जाड अंगाचा, पुढे उचलायला मूठ, प्रत्येक फटीला रबर, वजन चार किलो. तो फोर्कलिफ्टवरून पडला आणि फरशी फुटली. त्याच्यावर चहा सांडला, ऑइल सांडलं, एकदा चुकून एक सुपरवायझर बसला. पैलवान चालूच.

पैलवान ज्यांच्या ताब्यात, ते दत्तोबा. महाळुंग्याच्याच जुन्या घरातले. जिथं आज ही मशीन उभी आहे तिथं दत्तोबांच्या लहानपणी ज्वारी होती, हे ते प्रत्येक नव्या साहेबाला एकदा सांगतात आणि नवा साहेब प्रत्येक वेळी म्हणतो, अरे वा. बावीस वर्षं ही एकच मशीन. रिटायर व्हायला दीड वर्ष.

दत्तोबा कागदाचा पक्का माणूस. दर महिन्याला एक फॉर्म यायचा, त्यात प्रश्न असायचा: बॅकअप घेतला का? दत्तोबा बॅकअप घ्यायचे आणि होय लिहून सही करायचे. फॉर्मखाली बारीक अक्षरांत सूचना होती की बॅकअप सुरक्षित जागी ठेवावा. दत्तोबांनी प्रामाणिकपणे विचार केला. अख्ख्या कंपनीत पैलवानापेक्षा सुरक्षित जागा कोणती? म्हणून पैलवानाचा बॅकअप पैलवानातच, बॅकअप नावाच्या वेगळ्या फोल्डरात. चौदा वर्षं ऑडिटर येऊन फॉर्म बघत होते, सही बघत होते आणि समाधानाने जेवायला जात होते.

आणि मग खंडेनवमी. आपल्या पट्ट्यातली कुठलीही कंपनी, मालक जपानी असो की जर्मन, खंडेनवमीला मशिनींना हार घालते, हळदकुंकू लावते आणि नारळ फोडते. नारळ फोडायला टणक जागा लागते. मशीन महाग, फरशी ठिसूळ. अकरा वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लक्षात आलं की या शेडमध्ये सर्वांत टणक वस्तू पैलवान आहे. तेव्हापासून नारळ त्याच्यावर. बाहेरच्या माणसाला हे ऐकून धक्का बसेल. पण ज्याच्यावर सुपरवायझर बसून गेला, त्याच्यापुढे नारळाची काय कथा? शिवाय दत्तोबांची एक रीत होती. आदल्या संध्याकाळी पैलवानाला रीतसर बंद करायचं, झाकण मिटायचं, रात्रभर निजू द्यायचं. सकाळी पूजा, आणि मिटलेल्या झाकणाच्या कोपऱ्यावर एक हलका, सराईत फटका. नारळाची दोन भकलं. अकरा वर्षं काही झालं नाही.

यंदा मात्र कंपनीत ट्रान्सफॉर्मेशन साहेब आले होते. जूनमध्ये लागले. त्यांचं काम कंपनी डिजिटल करणं हे होतं आणि ती डिजिटल होतेय याचे फोटो टाकणं हे त्याहून मोठं काम होतं. त्यांना परंपरा आणि तंत्रज्ञान एका चौकटीत हवं होतं. त्यांनी पैलवानाला उचलून मशीनच्या पाटावर ठेवलं, झाकण उघडायला लावलं, मशीन सुरू करायला लावली, म्हणजे स्क्रीनवर ग्राफची रेघ पळताना दिसेल. दत्तोबांनी सांगितलं की पूजेला याला बंद ठेवायची रीत आहे. साहेबांनी सांगितलं की बंद स्क्रीनचा फोटो कोण बघतो?

दत्तोबांनी चालू पैलवानाच्या मुठीवर नारळ फोडला. फोटोत साहेबांचे डोळे मिटलेले आले. दुसरा नारळ साहेबांनी स्वतः घेतला; फोटोत हार आडवा आला. तिसऱ्याला नारळ हलला. चौथा साहेबांनी असा हाणला की पाणी वरच्या पंख्यापर्यंत उडालं. साहेब रोज सकाळी जिमला जातात. फोटो झकास आला. स्क्रीन काळी झाली होती, पण ती कुणाच्या लक्षात आली नाही, कारण सगळे हसून कॅमेऱ्याकडे बघत होते.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर पैलवान सुरू केला तर आतून टिक, टिक, टिक असा आवाज आणि पडद्यावर काही नाही.

आता या कंपन्यांत काही बिघडलं की कारण शोधायचा एक फॉर्म असतो. त्यात पाच खाने असतात आणि पाच वेळा 'का' असं विचारायचं असतं. पाचव्या 'का'ला खरं मूळ सापडतं, असं जपानी लोकांनी शोधून काढलंय. आपण त्यात एवढीच सुधारणा केली की चौथ्या 'का'ला ऑपरेटर सापडतो. हा फॉर्म भरायचं काम मेंटेनन्सच्या बुद्धरत्नचं होतं. मशीन का थांबली? लॅपटॉप बंद पडला. का पडला? हार्ड डिस्क गेली. का गेली? नारळाचा मार बसला. का बसला? ऑपरेटरने लॅपटॉपवर नारळ फोडला. पाचवा खाना रिकामा होता आणि त्यात 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' असं लिहावं, असं साहेबांनी सुचवलं होतं. शुक्रवारी गिऱ्हाईक कंपनीचे तपासनीस येणार होते. मशीन चालू हवी होती आणि फॉर्मही भरलेला हवा होता. फॉर्म तसा भरला गेला असता तर दत्तोबांना दीड वर्ष आधीच घरी बसावं लागणार होतं. नारळ फुटताना तीस माणसं हजर होती, पण फॉर्मवर तीस माणसांसाठी खाना नव्हता.

सोमवारी बुद्धरत्न आणि दत्तोबा पैलवानाला मोटरसायकलवर मधे बसवून कासारवाडीला आले. बुद्धरत्न चांदभाईंना लहानपणापासून ओळखतो. त्याचे वडील पिंपरीत लेथवर होते आणि त्याचा डिप्लोमा ज्या कॉम्प्युटरवर झाला तो चांदभाईंनी तीन मेलेल्या कॉम्प्युटरांतून उभा केला होता.

"शेवटचं बरं कधी होतं?" चांदभाईंनी विचारलं.

"खंडेनवमीला," दत्तोबा म्हणाले. "चौथ्या नारळापत्तर."

पस्तीस वर्षांत पहिल्यांदा एखाद्या गिऱ्हाइकाने खरं सांगितलं होतं. चांदभाईंनी दोन्ही चष्मे काढून पुसले.

पैलवानाच्या कडेला एक खटका असतो. तो सरकवला की झाकणी उघडते आणि आतून हार्ड डिस्क तिच्या धातूच्या पेटीसकट बाहेर येते. झाकणीच्या रबराच्या खोबणीत अकरा वर्षांचं हळदकुंकू थरावर थर बसलेलं होतं, झाडाच्या खोडात वर्षांची कडी असतात तसं. चांदभाईंनी टोकदार चिमट्याने ते काढलं, कागदाच्या पुडीत बांधलं आणि फळीवर ठेवलं. फेकलं नाही. पेटीत डिस्कभोवती जेलीसारखी मऊ गादी होती. म्हणजे बनवणाऱ्याने मार बसणार हे धरलंच होतं. फक्त तो तबकडी फिरत असताना, तिच्यापासून एका इंचावर, व्यायाम केलेल्या हाताने बसेल हे त्याने धरलं नव्हतं.

त्यांनी दत्तोबांना समजावलं की आत आरशासारखी तबकडी गरगर फिरते आणि तिच्यावरून केसाएवढ्या अंतरावरून सुई फिरते. बंद असताना सुई बाजूला जाऊन झोपते, मग नारळ फोडा की फणस. चालू असताना फोडला की सुई तबकडीवर आपटते.

"म्हंजी मी निजवायचो ते बरूबर व्हतं," दत्तोबा म्हणाले.

"एकदम बरोबर, दत्तोबा. तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुनी न्हाई. कामात असल्याला मारत न्हाईत, येवढंच."

डिस्क सहा जीबीची. आज एखाद्या आत्याने पाठवलेल्या शुभ सकाळच्या फोटोंनाच याहून जास्त जागा लागते. पण त्या सहा जीबीत जर्मन माणसाचा प्रोग्रॅम होता, बावीस वर्षांच्या स्प्रिंगा होत्या आणि बॅकअप नावाच्या फोल्डरात हे सगळं पुन्हा होतं. चांदभाईंनी डिस्क सरळ ठेवली तर ती टिकटिक करी, उलटी ठेवली तरी टिकटिक. शेवटी कडेवर उभी करून, लोणच्याच्या बरणीला टेकवून, थोडी तिरपी केली आणि ती वाचायला लागली. ज्याला धार लावायची त्याचा कोन सापडला पाहिजे, असं त्यांचे वडील म्हणायचे. अर्धा तास वाचायचं, मग तापली की तिला थांबवायचं, गार झाली की पुन्हा. सोमवार, मंगळवार, बुधवार असे तीन दिवस गेले. बरणीला कुणी हात लावू नये म्हणून शमीमनी तीन दिवस लोणचं लागणारच नाही असा डबा पाठवला आणि शिफाने येता-जाता बघून सांगितलं की अब्बा, आमच्याकडे याला डेटा सेंटर म्हणतात.

नव्या डिस्कचा प्रश्न वेगळाच निघाला. पैलवानाला आठ जीबीच्या वरचं काही कळतच नाही. बाजारात आता एवढं लहान काही मिळत नाही. दुकानदारांनी चांदभाईंकडे दयेने बघितलं. तेव्हा चांदभाई आपल्या ढिगात शिरले आणि दीड तासाने बाहेर आले ते एक जाड मेमरी कार्ड घेऊनच. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत असायचं तसलं, बरोब्बर आठ जीबी. त्यावर भोसरीच्या कुणाचं तरी लग्न होतं. सोळा वर्षांपूर्वीचं. चांदभाईंनी आधी ते लग्न दुसऱ्या डिस्कवर उतरवलं, पहिल्या अक्षतेपासून शेवटच्या पंगतीपर्यंत सगळं उतरलंय का ते तपासलं, डिस्कवर तारीख घालून चिठ्ठी चिकटवली आणि मगच कार्ड रिकामं केलं. फोटोग्राफर कधी परत आला तर?

कार्ड एका छोट्या पट्टीवर बसवलं. पट्टीला चव्वेचाळीस बारीक पिना. एक पीन सरकून बसली तर धूर. चांदभाईंनी तिसरा चष्मा चढवला आणि पिना मोजल्या, मग उलटीकडून मोजल्या. कार्ड डिस्कपेक्षा लहान, पेटीत खुळखुळत होतं, म्हणून शमीमच्या जुन्या चपलेतला फोम कापून भोवती भरला. कार्डात काही फिरतं नसतं, त्याला गादीची गरज नव्हती. तरी त्यांनी जुनी जेलीची गादीही वर घातलीच. पैलवानाला सवय होती तिची.

गुरुवारी दुपारी बुद्धरत्न आणि दत्तोबा न्यायला आले तेव्हा पैलवान उठला. टिकटिक नाही, घरघर नाही. जन्मात पहिल्यांदाच तो आवाज न करता सुरू झाला आणि दत्तोबांना वाटलं, गेला. मग जर्मन अक्षरं आली. आणि पाठोपाठ एक ग्राफ आला.

तो खंडेनवमीचा होता. साहेबांनी मशीन चालू ठेवायला लावली होती, पैलवान पाटावर होता, पाटाखालचा काटा आपलं काम करत होता. प्रोग्रॅमने नारळांची टेस्ट घेतली होती. सरळ रेघ, मग एक बेताचं शिखर. पुन्हा रेघ, मग मोठं शिखर. मग त्याहून मोठं. मग चौथं, कागदाच्या वर जाईल असं, आणि तिथंच रेघ तुटलेली. बाजूला तारीख, वेळ आणि प्रत्येक शिखराचं वजन किलोत. खाली निकाल: फेल.

बुद्धरत्नने तारीख आणि चारही वजनं दोनदा वाचली.

"चांदभाई, एवढी एक फाइल पुसता येईल का?"

"येईल. तू घरी नेऊन पूस. इथं नाही पुसली जात."

"उद्या साहेबांनी हे बघितलं तर मला विचारतील. माझं नोकरीचं कन्फर्मेशन मार्चमध्ये आहे."

"मग पाचव्या खान्यात काय लिहिणार?"

"अजून ठरवलं नाही."

"ठरव," चांदभाई म्हणाले. उपदेश त्यांना येत नाही. मोडलेल्या वस्तूला ते कधी उपदेश करत नाहीत, फक्त तिचं झाकण उघडतात.

पडद्याच्या कोपऱ्यात एक ओळ लुकलुकत होती. चांदभाईंनी शिफाला फोन करून तिचा अर्थ लावून घेतला. जर्मन माणसाची शिस्त अशी की अर्धवट राहिलेली टेस्ट आधी कागदावर छापायची, मगच नवं काम. न विचारता छापायची. तो प्रोग्रॅम प्रिंटर शोधत होता.

"प्रिंटर कसा आहे तुमचा?" चांदभाईंनी दत्तोबांना सहज विचारलं.

"हाय की. जुना, कर्रकर्र करनारा. पर शाई उडाल्या, छापल्यालं दिसत न्हाई."

चांदभाई ढिगात शिरले आणि त्या प्रिंटरची नवीकोरी रिबन घेऊन आले. प्लास्टिकसुद्धा न उघडलेली. कुणासाठी ठेवली होती हे त्यांनाही आठवत नव्हतं. ती त्यांनी दत्तोबांच्या पिशवीत घातली आणि एवढंच सांगितलं की उद्या सकाळी गेल्या गेल्या बदलून घ्या. बुद्धरत्नने रिबन बघितली. चांदभाईंकडे बघितलं. मोटरसायकलला किक मारली.

शुक्रवारी तपासनीस आले. किडकिडीत गृहस्थ. चहा घेत नाहीत, हसत नाहीत, मंडईत वांगी दाबून बघावीत तसे मशिनीला हात लावून बघतात. त्यांच्याबरोबर साहेब, मागे बुद्धरत्न, मशीनपाशी धुतलेला शर्ट घालून दत्तोबा. दत्तोबांनी बटण दाबलं. पैलवान उठला. साहेबांनी पाहुण्यांना सांगितलं की आमची यंत्रणा कशी भक्कम आहे बघा. तेवढ्यात कोपऱ्यातला प्रिंटर कर्रकर्र करू लागला आणि त्यातून ठसठशीत काळ्या शाईत, इंचाइंचाने, चार शिखरं बाहेर आली.

तपासनिसांनी कागद फाडून घेतला. आयुष्यभर स्प्रिंगांचे ग्राफ बघितलेला माणूस, पण असली स्प्रिंग त्यांनी बघितलेली नव्हती.

"ही कुठली स्प्रिंग?"

दत्तोबांना आपणहून सांगायची सवय नाही, पण विचारलं तर न सांगायचीही नाही.

"स्प्रिंग न्हाई साहेब. नारळ हायती."

"चार?"

"व्हय. पयला माझा. मशीन चालू ठेवायची आर्डर व्हती. बाकीचे तीन सायबांचे, फोटूसाठी."

तपासनिसांनी पुन्हा कागदाकडे बघितलं. त्यांच्यातला तज्ज्ञ जागा झाला होता. अडतीस किलो, बासष्ट, सत्त्याहत्तर, एकशे दहा. पहिला हात सराईत दिसतो, असं ते आपल्याशीच म्हणाले. मग त्यांनी फॉर्म मागितला. बुद्धरत्नने पुढे केला. पाचवा खाना रिकामाच होता.

शेडमध्ये पुन्हा तीस माणसं होती आणि या वेळी कॅमेरा नव्हता. बुद्धरत्नने खिशातून पेन काढलं, साहेबांकडे न बघता, फॉर्म पैलवानाच्या पाठीवर ठेवून, पाचव्या खान्यात लिहिलं: 'फोटोसाठी लॅपटॉप चालू ठेवण्यात आला होता.' तपासनिसांनी वाचलं, ग्राफचा कागद त्याला टाचला आणि सही केली. इतक्या वर्षांत पाचव्या खान्यात खरं मूळ सापडलेला हा पहिलाच फॉर्म, असं ते म्हणाले, आणि मग त्यांनी चहा मागितला.

ट्रान्सफॉर्मेशनच्या माणसाला स्वतःला बदलायला वेळ लागत नाही. चहा येईपर्यंत साहेब पाहुण्यांना सांगत होते की मी अगदी हेच म्हणत होतो, दोष माणसाचा नसतो, पद्धतीचा असतो. आणि आम्ही पद्धत लगेच सुधारत आहोत.

सुधारली. आठवड्याभरात भामा नदीकाठून एक काळा दगड आणला गेला. त्याला पिवळा रंग दिला, नंबर दिला, त्यावर 'नारळ फोडण्याची नियुक्त जागा' अशी पाटी लावली आणि त्याच्या देखभालीसाठी अनुभवी माणूस हवा म्हणून, रिटायर होईपर्यंत, दत्तोबांची नेमणूक झाली. दगडाचा फोटोही टाकला साहेबांनी. बुद्धरत्नचं मार्चचं काय होणार हे मार्चमध्ये कळेल, पण तपासनिसांनी पुढच्या भेटीला तोच माणूस हवा असं लिहून कळवलंय, त्यामुळे साहेब सध्या त्याला स्वतःहून चहा विचारतात.

दगडासाठी महिन्याचा फॉर्म तयार करायचा होता. वेळ कुणाला? पैलवानाचाच जुना फॉर्म घेऊन वरचं नाव तेवढं बदललं. दत्तोबांनी पहिल्या महिन्याला तो भरला. तडा आहे का? नाही. स्वच्छ आहे का? होय. आणि खाली तोच जुना प्रश्न राहून गेला होता: बॅकअप घेतला का?

दत्तोबांनी खोटी सही आयुष्यात केलेली नाही. आणि या वेळी ते शिकलेही होते.

रविवारी सकाळी ते कासारवाडीच्या बोळात आले. खांद्यावरची गोणी त्यांनी विश्रांती घेणाऱ्या प्रिंटरवर जपून टेकवली आणि तिच्यातून एक दगड काढला. तसाच, काळा, नदीचा.

"पयल्याच्या शेजारी ठेवनार व्हतो," ते म्हणाले. "मग पैलवान ध्यानात आला. ज्याचा बॅकअप त्याच्यातच ठेवायचा न्हाई."

चांदभाईंनी नाकावरचा चष्मा कपाळावर नेला आणि कपाळावरचा नाकावर आणला. दगड फिरवून बघितला, कुठं कमजोर नाही याची खात्री केली. पैलवानाची मेलेली डिस्क, हळदकुंकवाची पुडी आणि भोसरीचं लग्न ज्या फळीवर आहे तिथं जागा केली. चिठ्ठीवर तारीख लिहिली, खाली दत्तोबांचं नाव लिहिलं आणि ती दगडाला चिकटवली.

मग दत्तोबांनी फॉर्म काढला आणि शेवटच्या प्रश्नापुढे होय लिहून सही केली.